उरलेले थेंब

"हनुवटी टेकवा आणि अजिबात हलू नका," डॉक्टर म्हणाले. रफूगाराने यंत्रावर हनुवटी टेकवली. त्याची धाकटी बहीण मागे उभी होती. याच इस्पितळात खालच्या मजल्यावर ती नर्स होती, लस टोचायच्या खोलीत. दादाला डोळा दाखवायला आणलंय हे कळताच ती काम दुसरीच्या गळ्यात मारून धावत वर आली. दाराबाहेरच्या बाकावर आई बसली होती. लेकीला पाहून तिनं तोंड फिरवलं.

लस घ्यायला दादा तयारच नव्हता. दिवसभर सुई चालवणारा माणूस, पण स्वतःच्या दंडाला टोचायची म्हटलं की पोरासारखा पळायचा! धाकटी हात धुऊन त्याच्या मागे लागली. चेष्टा केली, रुसून पाहिलं, शेवटी आपल्याच हातानं टोचलं. त्याच आठवड्यात त्याचा उजवा डोळा लाल झाला. उजेड सोसेना, पाणी खळेना. मग काय, आईला आणखी पुरावा कशाला हवा? तिनं लेकीला उंबऱ्याबाहेरच अडवलं आणि सांगितलं, माझ्या चांगल्या लेकाचं वाटोळं केलंस, आता तोंड दाखवू नकोस. तेव्हापासून तिनं लेकीचं नावच टाकलं. विषय निघालाच तर 'त्या नर्सबाई' म्हणायची.

धाकटीला तेव्हापासून धड जेवण गेलं नव्हतं. दादाचा डोळा वाचावा, हे तर होतंच. पण आपल्या हातानं गेला नाही, एवढं तरी कुणीतरी म्हणावं, म्हणून तिचा जीव तुटत होता.

डॉक्टरांनी दिवा विझवला. डोळ्यात काही घालत होता का, असं विचारलं. दादानं खिशातून छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला दिलेली, अर्धी उरलेली. आई औषध टाकून द्यायची नाही. या थेंबांनी मला दिसायला लागलं, तुला का नाही लागणार, असं म्हणून ती दिवसातून कितीदा तरी घालत होती. लालीही उतरली होती. म्हणून तर डॉक्टरकडे यायला एवढा उशीर झाला. पण लाली गेली तरी त्या डोळ्याला कापडाचे धागे धुरकटच राहिले, आणि मग एक दिवस दिसेनासेच झाले.

डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, नाव वाचलं आणि सुस्कारा सोडला. बुबुळाला विषाणूची लागण झालीय, आणि हा विषाणू कितीतरी माणसांच्या अंगात लहानपणापासून झोपलेला असतो, ते म्हणाले. तापानं जागा होतो, कधी दगदगीनं. लसीनं झाला असेलही, नसेलही, ते छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण वेळेवर औषध मिळतं तर बहुधा डोळा वाचला असता.

"डोळा या थेंबांनी गेला," ते म्हणाले. "हे लाली घालवतात आणि या विषाणूला मोकळं रान देतात. बुबुळावर खोल डाग पडलाय. मी खोटी आशा दाखवणार नाही."

दादाला कळून चुकलं. एका डोळ्यानं बारीक रफू होत नाही. सुईचं टोक धाग्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, तेच कळत नाही.

आणि धाकटीला, देवा, हलकं वाटलं. भावाचा डोळा गेला होता आणि तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. स्वतःची लाज वाटली, तरी हलकं वाटलंच. मग राग आला. आईनं एकदा जरी घरात घेतलं असतं, तरी ती बाटली बघताक्षणी तिनं फेकून दिली असती. हे आईला तोंडावर सांगायचंच, असं ठरवून तिनं बाटली उचलून खिशात टाकली आणि दार उघडलं.

दोघं बाहेर येताच आई लगबगीनं उठली. काय म्हणाले, असं तिनं दादाला विचारलं. आई त्याच्या डोळ्याचं पाणी टिपायला पुढे झाली, तेव्हा धाकटीला तिची बोटं दिसली. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली होती, एका बोटाला तर रक्त साकळलं होतं. थेंब घालताना लेकाच्या डोळ्याला लागू नये म्हणून.

"सुईमुळंच गेला, आई," धाकटी म्हणाली.

आई परत बाकावर बसली. तिनं पदरानं डोळे पुसले. मग दादाकडे वळून म्हणाली, मी थेंब घालत होते म्हणून इतके दिवस तरी निभावलं रे. दादानं धाकटीकडे पाहिलं.

"हो, आई," तो म्हणाला.

आईनं त्याचा हात धरला आणि दोघं जिन्याकडे निघाली. धाकटी चार पावलं मागून गेली. आई थांबली, पण वळली नाही.

"त्या नर्सबाईंना सांग," ती दादाला म्हणाली, "आमच्या मागं येऊ नका म्हणावं."