थरथर

डॉक्टर मॅडमनी माझ्या उजव्या भुवईवर पेनने बाण काढला, ऑपरेशन याच डोळ्याचं म्हणून. पेन थरथरलं. चाळीस वर्षं अंगठ्यांत खडे बसवलेत मी. एवढी थरथर मला डोळे मिटूनही कळते.

“मॅडम, तुमचा हात...”

“थोडासा सगळ्यांचाच थरथरतो, काका. डोळ्यातली सुई रोबोट धरणार. मी तिकडे बसून नुसती त्याची दांडी हलवायची. माझी थरथर तो गाळून टाकतो.”

जरा जिवात जीव आला. डोळा बधिर केला, तोंडावर हिरवं कापड टाकलं. मी मात्र जागाच होतो.

“सुई आत गेली, काका. आता डोकं अजिबात हलवायचं नाही.”

न हलण्याची मला एकच रीत ठाऊक. खडा बसवताना आम्ही सोनार श्वास रोखून धरतो. मी छाती गच्च भरून घेतली.

“काका, श्वास रोखलात की काय? सोडताना डोकं हलेल! रोबोट माझी थरथर गाळतो, तुमची नाही!”

आता मॅडमचा आवाजही थरथरला. माझी छाती फुटायला आली होती. सुई अजून डोळ्यातच होती.