अर्धा कॅन

सासूबाईंनी सासऱ्यांच्या थडग्यावर पाणी घातलं, कोपऱ्यावरच्या मशीनमधून घेतलेला गरम कॉफीचा कॅन उघडला आणि उदबत्तीशेजारी ठेवला. लग्नानंतर श्रीरंग पहिल्यांदाच जपानला, बायकोच्या गावी आला होता.

"बाबा कामावरून येताना रोज हीच घ्यायचे," मियुकी त्याला म्हणाली.

शेजारच्या दगडावर एक कावळा येऊन बसला. श्रीरंगला एकदम बरं वाटलं. त्याने हात जोडले. मनात म्हणाला, शिव रे लवकर.

सासूबाईंनी मात्र कावळ्याला हाकललं, कॅन उचलला आणि दोन्ही हातांनी जावयापुढे धरला. श्रीरंग मागेच सरकला. गेलेल्या माणसापुढचं? त्याच्या घरी ते कावळ्याचं असतं, माणसांनी तोंडाला लावायचं नसतं. "नको," तो म्हणाला. कॅनला न लागलेले हातसुद्धा त्याने पँटला पुसले.

सासूबाईंनी ते पाहिलं. माफी मागत त्या कमरेत वाकल्या आणि त्यांनी कॅन मागे घेतला.

"इथे थडग्यापुढचं घरच्यांनीच घ्यायचं असतं," मियुकी हळूच म्हणाली. "बाबा अर्धी कॉफी आईसाठी घरी आणायचे. पार गार झालेली असायची. पण आईने त्यातला घोटसुद्धा कधी कुणाला दिला नाही. मलाही नाही."

श्रीरंगच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पुढे होऊन त्याने दोन्ही हात पसरले.

सासूबाईंना वाटलं, त्याचे हात खराब झालेत. त्यांनी घाईघाईने पिशवीतून ओला रुमाल काढला आणि त्याच्या ओंजळीत ठेवला.