तिसरं उदाहरण

चंद्राशेजारी येऊन थांबलेल्या त्या परक्या यानातून अकरा दिवस तेच ठोके येत होते. दोन, तीन, मग पाच. तीन, चार, मग सात. चार, पाच, आणि मग नऊऐवजी नुसती शांतता. आणि पुन्हा पहिल्यापासून. वेधशाळेचे डॉक्टर बोंद्रे म्हणत होते, यंत्र तिथंच अडकतंय.

वायरमन लोकांसाठी ऑनलाइन कोर्स बनवणाऱ्या हेमलता गुंजाळला त्यांनी शेवटचा उपाय म्हणून बोलावलं होतं. तिनं एकदाच ऐकलं आणि तिला हसू आलं.

"सर, हा निरोप नाही, धडा आहे. मीपण दोन उदाहरणं सोडवून दाखवते आणि तिसरं अर्धवट सोडते. ती शांतता आपल्या उत्तरासाठी आहे."

बोंद्रे स्वतः ठोके पाठवायच्या बटणापाशी बसले. एकेक ठोका मोजून इतक्या जपून दाबला की आठच ठोके गेले आणि वेळ संपली.

"घातला घोळ!" त्यांनी कपाळावर हात मारला. "अख्ख्या पृथ्वीच्या वतीनं साधी बेरीज चुकलो."

यान गप्प झालं. मग अकरा दिवसांत पहिल्यांदाच ठोके बदलले. एक, एक, मग दोन. एक, दोन, मग तीन. अगदी सावकाश. दोन, दोन, आणि मग शांतता, या वेळी चांगली दुप्पट लांब.

हेमलतानं आपली खुर्ची बटणाजवळ ओढली.

"दाबा सर," ती हळूच म्हणाली. "तिकडे कोणीतरी बसलंय, आणि आपल्याला हे जमावं असं त्याला फार वाटतंय."