तिसऱ्या फवाऱ्यानंतर

माझा नवरा न्हावी. पूर्वी कात्री चालली की त्याची शीळही चालायची. मग त्याला नैराश्य आलं आणि दुकान मुकं झालं. दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी चालू होती, तिथे त्याच्या नाकात फवारा मारू लागले. तिसऱ्याच फवाऱ्यानंतर घरात शीळ ऐकू आली. सासूबाईंनी डोळे पुसले. माझ्या मनात पाल चुकचुकली. नर्सला गाठलं. "औषध खरंच देताय ना, की नुसतं पाणी?" "काय सांगू, ताई! निम्म्यांना पाणीच असतं, तेही ओळखू येऊ नये म्हणून औषधासारखं कडू केलेलं. कुणाला काय, आम्हालाही कळू देत नाहीत." आज डबा घेऊन दुकानाशी गेले, तर आत शुकशुकाट. दाराच्या फटीतून पाहिलं. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत तो कात्री धरून दगडासारखा बसला होता. मी कोपऱ्यापर्यंत मागे गेले आणि चपला आपटत पुन्हा आले. आत शीळ सुरू झाली.