रबरातला खळगा

लांबवलेला सूर पुन्हा थरथरला आणि मेकॅनिकने मान वर केली.

"ती थरथर तुमच्याच्याने जायची नाही," खुर्चीतले निरीक्षक म्हणाले. "दोष यंत्राचा नाही, गाणाऱ्याचा आहे."

ते वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या तराजूतली खोट काढली होती, त्यामुळे निकाल एकदाच द्यायची सवय. रेकॉर्ड प्लेअर विकायचा होता आणि गिऱ्हाइकाला तो चालू हवा होता, म्हणूनच मेकॅनिकला घरात प्रवेश मिळाला होता. अडकलेली मोटार त्याने साफ करून फिरती केली. मग वेग तपासायला लांब सुरांची एखादी रेकॉर्ड मागितली. घरात एकच होती. पाकिटावर एक मिशाळ तरुण डोळे मिटून, जगावर उपकार केल्यासारखा गात होता. मेकॅनिकने त्याला ओळखलं नाही. मिशा जाऊनही आता बराच काळ लोटला होता.

ती रेकॉर्ड निघाली तेव्हा निरीक्षक सव्वीस वर्षांचे होते आणि निरीक्षक नव्हते. ती ऐकण्यासाठी त्यांनी दुकानाच्या काचेत मांडलेला हा प्लेअर हट्टाने उचलून आणला. घरी लावला, तर पहिलाच सूर थरथरला. बाहेर लोक वाहवा करत होते. ती त्यांनी लोकांच्या सभ्यपणात जमा केली. बायको तेवढी म्हणाली की गळा सरळ आहे, यंत्र कुणाला तरी दाखवा. माणसं तोंडावर गोड बोलतात, यंत्राला काय गरज पडली आहे, असं त्यांनी तिला सुनावलं. कंपनीने दुसऱ्या रेकॉर्डसाठी पत्र पाठवलं, त्याला नम्र नकार कळवला आणि नोकरी धरली. पुढे मुलगी गुणगुणायला लागली, तेव्हा तिला वेळीच गणिताच्या शिकवणीला घातलं. वर्षातून एकदा बायकोने यंत्र दाखवायचा विषय काढायचा आणि यांनी "तुला गाण्यातलं काय कळतं" म्हणायचं, असा चव्वेचाळीस वर्षं संसार झाला.

अलीकडे बायकोच्या कानांनीही राजीनामा दिला होता. ती खिडकीशी वाटाणे सोलत बसली होती आणि बोलणाऱ्यांच्या तोंडांकडे बघत होती.

मेकॅनिकने तोच तुकडा परत लावला आणि गुडघ्यावर बोटाने ठेका धरला. थरथर ठेक्याला चुकत नव्हती.

"माणूस इतक्या नेमाने बेसूर होत नाही, काका. आणि मागचं व्हायोलिन ऐका. तेही ह्याच ठेक्यावर थरथरतंय."

निरीक्षकांनी व्हायोलिन कधी ऐकलंच नव्हतं. त्यांनी फक्त स्वतःला ऐकलं होतं.

मेकॅनिकने वरची थाळी उचलली. मोटारीच्या दांड्याला टेकून थाळीला फिरवणारं एक रबरी चाक आत होतं. त्याच्या कडेला नखाएवढा खळगा पडलेला. त्याने विचारलं, हे कधीपासून असं वाजतं? पहिल्या दिवसापासून, निरीक्षक म्हणाले. मग प्रश्नच नाही, तो म्हणाला. दुकानदाराने काचेत मांडताना वीज न जोडता खटका चालूवरच ठेवला असणार. महिनोन्महिने तसं उभं राहिलं की दांडा रबरात रुततो. पाच मिनिटांचं काम आहे. एवढं बोलून त्याने पिशवीतलं नवं चाक बसवलं.

सूर निघाला आणि ताणलेल्या दोरीसारखा शेवटपर्यंत सरळ गेला.

निरीक्षकांनी पूर्ण बाजू ऐकली. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, ही खात्यातली तालीम कामी आली.

"काय गळा आहे हो," मेकॅनिक सुई उचलत म्हणाला. "कोण हे? पुढे ऐकलं नाही कधी नाव."

"गेले," निरीक्षक म्हणाले. "तरुणपणीच."

खिडकीशी बसूनच बायकोने विचारलं, "अहो, काय निघालं शेवटी?"

मेकॅनिक खळग्याचं चाक उंच धरून तिला दाखवणार होता. निरीक्षकांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि खिशात टाकलं. मग ते उठले, तिच्या कानाशी वाकले आणि शब्दन् शब्द पोचेल अशा बेताने म्हणाले,

"काही नाही. यंत्र चांगलंच होतं."