बसऱ्याहून घरी

बसऱ्याच्या लढाईवरून दादा परत आला, तेव्हा त्याला आणायला स्टेशनवर सगुणा एकटीच गेली. ती गावातल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. दादाची बायको गोदा तिची बालमैत्रीण. सगुणानंच हट्टानं तिला भावजय करून आणलेली.

दादा लढाईवर असताना दोघी देव पाण्यात घालून बसल्या होत्या. मग गावात मानमोडीच्या तापाची साथ आली. शाळा बंद झाली, सगुणा अंथरुणाला खिळली. गोदा तिच्या उशाशी बसून राहिली. सगुणा उठली, आणि गोदा त्याच तापात गेली.

दादानं गाडीतून उतरताच बहिणीच्या मागं पाहिलं. “गोदी न्हाई आली व्हय?”

पत्र त्याला पोचलंच नव्हतं.

“माझं दुखणं काढता काढता गेली, दादा.”

“लढाई तर तिकडं हुती,” एवढंच तो म्हणाला. ट्रंक खांद्यावर टाकून तो पुढं चालू लागला. वाटभर त्यानं मागं वळून पाहिलं नाही. घराच्या दारात मात्र तो थांबला आणि ती येईपर्यंत उभा राहिला.

“आदी तू जा आत,” तो म्हणाला. “मला धीर हुईना.”