मोठ्या अक्षरांचा कंपास

कंपास हवा होता अंजनाबाईंना, आणि दुकानदार बोलत होता त्यांच्या नवऱ्याशी.

साताऱ्यातलं ते दुकान डोंगर चढणाऱ्यांचं. दोर, बूट, तंबू, पाठपिशव्या. मालक इंद्रजित, तरणा पोरगा. लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेत हे कळल्यावर तो जो त्यांच्याकडे वळला, तो अंजनाबाईंकडे परत फिरलाच नाही. त्याने पितळी कंपास काढला. फौजी बनावटीचा, भिंगातून आकडा वाचायचा. सुभेदारांनी त्याच्या कडीत अंगठा घातला आणि त्यांची छाती फुगली.

"ह्याला म्हंत्यात कंपास!"

"मला बघू द्या की," अंजनाबाई म्हणाल्या.

"थांब गं जरा. तुला न्हाई जमायचं ते."

जमायचं नाही! मेढा गावच्या बायकांना डोंगराची वाट दाखवली कुणी? दर रविवारी भाकरी बांधून जावळीतले डोंगर पालथे घालणारा बायकांचा गट बाईंनीच उभा केला. बाई पुढे आणि बाकीच्या मागे, हा रिवाज. शुगरने डोळे अधू केले तरी तो मोडला नव्हता. लांबचा कडा त्यांना दिसे, पायाखालची वाट दिसे; बारीक अक्षर तेवढं पुसट होई. म्हणून गेल्या रविवारी पठारावर धुकं उतरलं, तेव्हा बरोबर आलेल्या सुभेदारांनी आपला जुना कंपास काढून आकडा वाचला, हाताने दिशा दाखवली आणि बाई तिकडे निघाल्या. सगळ्या भलत्याच ओढ्यात उतरल्या. काटे, घसरण, एकीचा पाय मुरगळला. खाली आल्यावर गटातली शिवांजली म्हणाली, "काकू, आता डोळं साथ देत न्हाईत तुमचं. तुमी मधे चाला, मी चालते पुढं." सगळ्यांनी माना डोलावल्या. सुभेदारांच्या आकड्यावर शंका कोण घेणार? चूक डोळ्यांची, आणि डोळे म्हटले की अंजनाबाईंचे. दाखवलेली दिशा आपणच धरली नाही, असं बाईंनाही वाटलं.

मधे चालायचं म्हणजे ओझं होऊन चालायचं. ते त्यांना मान्य नव्हतं. आकडा स्वतःला दिसेल असा कंपास घ्यायचा आणि पुन्हा पुढे व्हायचं, यासाठी त्या आल्या होत्या.

त्यांनी पितळी कंपास नवऱ्याच्या हातातून काढून घेतला आणि डोळ्याला लावला. भिंगात नुसती मुंग्यांची रांग.

"काकू, मोबाईलवर असतोय की कंपास," इंद्रजित म्हणाला, तेही सुभेदारांकडे बघत. "आन् ह्या वयात डोंगर कशाला? बागंत चालायला लय भारी ट्रॅक केलाय."

"तुला वय इचारलं का मी? कंपास इचारला. जेवढं हायती तेवढं काढ."

तो बावचळला. त्याने काढले तेवढे कंपास बाईंनी ओच्यात घातले आणि त्या बाहेर पायरीवर, उन्हात जाऊन बसल्या. ट्यूबलाईटखाली कोण डोंगर चढतं? एकेक कंपास हात लांब करून त्या बघू लागल्या. एकाचा काटा सुईएवढा. एकावर करड्यावर काळी अक्षरं. एकावर काय लिहिलंय ते ब्रह्मदेवालाही कळू नये. डोंगरात फक्त विशीतले डोळे जातात, अशी बनवणाऱ्यांची समजूत असावी.

शेवटी एक सापडला. पारदर्शक पट्टीवरचा, जाड लाल काट्याचा, चार दिशांची अक्षरं हरभऱ्याएवढी, आकडेही ठसठशीत.

"हा."

"ते शाळंतल्या पोरांचं हाय, काकू," इंद्रजित दारातून म्हणाला.

"म्हंजे पोरांना दिसायला पायजे, बायकांना नको?"

सुभेदार बाहेर आले. "अगं, लोक हसतील. सुभेदाराची बायको आन् हातात पोरांचं खेळणं! पितळीच घिऊ. आकडा सांगायला मी हाय की."

"सांगा मग. तो अजिंक्यतारा."

"एकशे ऐंशी!" कंपास डोळ्याला लागायच्या आधीच सुभेदार म्हणाले. किल्ला दक्षिणेला, हे साताऱ्यात कुणीही डोळे मिटून सांगेल.

"आता ती पलीकडची पाण्याची टाकी."

या वेळी सुभेदारांनी कंपास लांब धरला, जवळ धरला, भिंग सदऱ्याला पुसलं, पुन्हा डोळ्याला लावलं.

"ऐंशी," ते म्हणाले.

इंद्रजितने कंपास घेऊन पाहिलं आणि चाचरत म्हणाला, "काका, तीनशे धा हाय."

अंजनाबाई उभ्या राहिल्या.

"गेल्या रविवारीबी असाच वाचला हुता?"

"तवा धुकं हुतं."

"धुकं बाहेर हुतं. आकडा तुमच्या हातात हुता. दिसत न्हाई म्हणाला असता, तर काय फौज मागं फिरली असती? इतकं दिस मी माझ्याच डोळ्यांना शिव्या घालतीया, आन् तुमी ऐकत बसला!"

इंद्रजित आत जाऊन उगाच दोर गुंडाळू लागला. बाईंनी मोठ्या अक्षरांच्या कंपासचे पैसे दिले आणि त्याची दोरी गळ्यात घातली.

"येत्या रविवारी मी पुढं चालणार. का, ते बायकांना तुमी सांगायचं."

"समद्यांसमोर?" सुभेदारांनी हळूच विचारलं.

"मला मधे घातलं ते समद्यांसमोरच. तुमी हुताच की तिथं."